२१० मेगावॉटच्या कोळसा संचांच्या जागी अणुवीज: माझा हिशोब तपासून द्याल का?

सह्यवारा

महाराष्ट्रातले २१० मेगावॉटचे जुने कोळसा संच आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. खापरखेड्याला चार, एकलहऱ्याला तीन, शिवाय कोराडीला आणि चंद्रपूरला काही. त्यांची वीज पुढे कुठून आणायची हा विषय निघाला की 'सौर की अणू' असं भांडण सुरू होतं आणि आकडे बाजूला राहतात. म्हणून आकडे मांडतोय. चुकले असतील तर सरळ सांगा.

गुजरातमधल्या काक्रापारला आहे तसा ७०० मेगावॉटचा स्वदेशी जड पाण्याचा (न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला जड पाणी वापरणारा) एक अणुसंच घेतला. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ६१.३ लाख मेगावॉट-तास. देशाच्या ग्रिडचा सरासरी उत्सर्जन गुणांक (वीज बनवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड) मेगावॉट-तासामागे साधारण ०.७२ टन. गुणाकार केला की वर्षाला ४४ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचतो.

विचारायचं ते असं. हा आकडा बरोबर आहे का? दुपारी सौरवीज उतू जात असताना अणुभट्टी खाली घेऊन संध्याकाळी वर आणता येते का? आणि बंद होणाऱ्या कोळसा केंद्राच्याच जागेवर अणुभट्टी बसवली तर जमीन, पाणी, वाहिन्या आयत्या मिळतील, हे कितपत खरं?

हिशोबवही

आकडा जवळपास बरोबर आहे, पण दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्यात म्हणून. पुढच्या वेळी त्या खाणार नाहीत, तेव्हा पायरी-पायरीने पाहू.

पहिली चूक: संच वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. ८५ टक्के धरा. शिवाय ७०० हा जनित्राच्या टोकाचा आकडा आहे. पंप, शीतकरण वगैरे केंद्राचा स्वतःचा वापर वजा केला की ग्रिडला सुमारे ६३० मेगावॉट मिळतात. म्हणजे ६१.३ गुणिले ०.८५ गुणिले ०.९. उत्तर ४६.९ लाख मेगावॉट-तास.

दुसरी चूक: सरासरी गुणांक. त्या ०.७२ मध्ये कोयनेचं पाणी आहे, साताऱ्याचा वारा आहे, राजस्थानचं ऊन आहे, आणि आधीची अणुवीजही आहे. नवा संच आल्यावर यांतलं काहीच बंद होणार नाही. बंद होणार तो कोळसा, आणि गुणांक त्याचाच घ्यायला हवा. जुन्या २१० च्या संचाला एका युनिटमागे साधारण २,६५० किलोकॅलरी उष्णता लागते. कोळशाचं उत्सर्जन एका मेगाज्यूलला ९५ ग्रॅम धरलं, आणि संचाचा स्वतःचा ९ टक्के वापर वजा केला, की ग्रिडला पोचलेल्या प्रत्येक युनिटमागे १.१५ किलो निघतं. ६६० च्या नव्या सुपरक्रिटिकल (जास्त दाब-तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचाला २,२५० किलोकॅलरी पुरतात, तिथे हाच आकडा ०.९५ च्या आसपास येतो.

म्हणजे बचत ४५ ते ५४ लाख टन. जुना संच बंद झाला तर वरचं टोक, नव्या संचाचं उत्पादन कमी झालं तर खालचं. पूर्ण वर्षाला एकच गुणांक लावणं हीच मुळात ढोबळ रीत आहे. नेमकेपणा हवा असेल तर तासातासाने पाहावं लागतं.

आता खाणीपासून विल्हेवाटीपर्यंतचं उत्सर्जन. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने २०१४ च्या अहवालात दिलेले मध्यांक युनिटमागे असे आहेत: कोळसा ८२० ग्रॅम, वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणू १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११. यातला १२ चा आकडा आपल्याकडे तसाच उचलू नये. तो प्रामुख्याने समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेल्या, युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचा आहे. आपल्या भट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं, त्यामुळे समृद्धीकरणाची वीज वाचते. पण जड पाणी बनवायला प्रचंड वाफ लागते (मणुगुरूच्या जड पाणी कारखान्याला त्यासाठी स्वतःचं कोळशाचं वीजघर आहे), आणि जादुगुडा, तुम्मलपल्ले इथल्या खाणींची धातुकं हलक्या प्रतीची आहेत, टनभर खडकात युरेनियम अर्धा किलोच्या आसपास. म्हणून आपल्यासाठी १२ ची दुप्पट-तिप्पट करून पाहा. तरी ३६ ग्रॅमच होतात, आणि ज्याची जागा घ्यायची तो ९५० च्या वर आहे. निकाल फिरत नाही.

जडपाणी

दुपारच्या प्रश्नाला उत्तर देतो. भट्टी खाली-वर करण्याची अडचण यंत्राच्या आळसात नाही, झेनॉनमध्ये आहे.

विखंडनातून, म्हणजे युरेनियमचे अणू फुटताना, आयोडीन-१३५ तयार होतं. त्याचं अर्धायुष्य ६.६ तास. ते क्षय पावून झेनॉन-१३५ बनतं, त्याचं अर्धायुष्य ९.१ तास. हे झेनॉन न्यूट्रॉन गिळण्यात अतिशय पटाईत. भट्टी पूर्ण ताकदीने चालू असते तेव्हा झेनॉन तयार होतं आणि न्यूट्रॉन खाऊन जळूनही जातं, तोल राहतो. भट्टी बंद केली की जळणं थांबतं, पण साठलेलं आयोडीन झेनॉन बनवत राहतं. त्यामुळे झेनॉन वाढत जाऊन साधारण दहा-अकरा तासांनी शिखर गाठतं, मग उतरतं.

आता हे घड्याळावर बसवा. सकाळी नऊला सौरवीज आली म्हणून भट्टी बंद केली. झेनॉनचं शिखर संध्याकाळी सात-आठला. म्हणजे घरोघरी दिवे लागतात, सौरवीज शून्यावर येते, नेमक्या त्याच वेळी भट्टी उठण्याच्या सर्वांत वाईट अवस्थेत असते.

नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत ही अडचण जास्त जाचक, कारण तिच्यात राखीव प्रतिक्रियाशीलता (झेनॉनवर मात करून अभिक्रिया चालू ठेवण्याची शिल्लक ताकद) बेताची असते. युरेनियम-२३५ अवघं ०.७ टक्के. अनपेक्षित बंद झाल्यावर समायोजक दांडे (एरवी भट्टीत राहून न्यूट्रॉन शोषणारे) बाहेर ओढून पुन्हा चालू करायला साधारण अर्धा तास हातात असतो. तो गेला की पुढचा दीड दिवस वाट पाहायची.

फ्रान्समधल्या दाबाखालच्या साध्या पाण्याच्या भट्ट्या रोज खाली-वर होतात, हे खरं आहे. पण त्या तशाच हिशोबाने बांधल्या आणि चालवल्या जातात. समृद्ध इंधन असतं, न्यूट्रॉन कमी शोषणारे 'करडे' नियंत्रक दांडे असतात, पाण्यात न्यूट्रॉन शोषणारं बोरॉन असतं. तिथेही इंधनचक्र संपत आलं की ही लवचिकता आटते. तो दाखला काक्रापारला तसाच लागू करता येत नाही.

आपल्या जातीच्या भट्ट्यांसाठी पाहायचं तर कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत पाहा. तिथल्या ब्रूस केंद्रात ग्रिडला वीज जास्त झाली की भट्टीची ताकद फारशी हलवत नाहीत. वाफेचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून थेट संघनकात (वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागात) सोडतात. ब्रूस-बीचा एक संच अशा रीतीने सुमारे ३०० मेगावॉट खाली येतो आणि भट्टीतलं झेनॉन बिघडत नाही. उष्णता वाया जाते हे उघड आहे, पण इंधन खर्चाचा छोटासा भाग असल्यामुळे ते परवडतं. याच ऑन्टारिओने २००३ साली विजेचा सुमारे चौथा हिस्सा कोळशातून घेत असताना एप्रिल २०१४ मध्ये शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. त्यात बंद ठेवलेले जुने जड पाण्याचे संच दुरुस्त करून परत आणण्याचा वाटा मोठा होता. जर्मनीने उलट क्रम धरला. १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या तेव्हा तिथे कोळसा चालूच होता. हवामानाच्या दृष्टीने तो क्रम मला चुकीचाच वाटतो.

सह्यवारा

हिशोबवही, जडपाणी, दोघांचेही आभार. नऊ आणि सातचं घड्याळ डोक्यात पक्कं बसलं. पण मग दुपारी खाली कोणी जायचं? अणुवीज हलणार नाही, सौर वाया घालवायचं नाही. सगळा भार कोळशावर?

भारवाटप

हो, आजच्या घडीला कोळशावरच. आणि त्यालाही तळ आहे. कोळसा संच तांत्रिक किमान पातळीच्या खाली चालवत नाहीत. ती ५५ टक्के होती, आता ४० पर्यंत उतरवण्याचा नियम आहे. ४० ला ज्वाला स्थिर ठेवायला तेल जाळावं लागतं, बॉयलरच्या नळ्यांना थकवा येतो, युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. दुपारी संच बंद करून संध्याकाळी पेटवणं २१० च्या जुन्या बॉयलरला रोजच्या रोज झेपत नाही. म्हणून रात्रीसाठी लागणारा कोळसा दुपारीही ४०-५५ टक्क्यांवर धुमसत ठेवावा लागतो. ग्रिडमधल्या उत्सर्जनाचा हा भाग सौरऊर्जा कितीही वाढवली तरी जात नाही. तो घालवायचा तर रात्र भरून काढणारं दुसरं काही हवं.

महाराष्ट्रात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉटचं लक्ष्य आहे आणि शेतीपंप रात्रीतून दिवसावर येत आहेत. म्हणजे दुपारी मागणी वाढते, रात्रीची घटते. शेतकऱ्याचं रात्रीचं जागरण सुटतं ते वेगळंच. हे नीट झालं तर दुपारी अणुवीज सपाट चालूनही सौरवीज फेकावी लागणार नाही.

साठवण करून तेवढीच रात्र भरायची तर किती लागेल, तेही मांडतो. एका ७०० च्या संचाची वर्षाची सरासरी ग्रिडला मिळणारी वीज म्हणजे अखंड ५३५ मेगावॉट. २५ टक्के सीयूएफ (क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात मिळते तो आकडा) धरला तर त्यासाठी २,१५० मेगावॉट सौर लागेल, शिवाय साठवणुकीतली २० टक्क्यांच्या आसपासची तूट भरायला आणखी काही. सौर आठ तास धरलं तर उरलेल्या सोळा तासांना ८,५०० मेगावॉट-तास साठवण हवी. घाटघर उदंचन केंद्र (जादा विजेने पाणी वर चढवून गरजेला ते खाली सोडून वीज करणारं) २५० मेगावॉटचं आहे, ते सहा तास चाललं असं धरलं तर १,५०० मेगावॉट-तास. म्हणजे सहाच्या आसपास घाटघरं. एका संचासाठी.

हे अशक्य नाही. सह्याद्रीत उदंचनाला जागा आहेत आणि बॅटरीचे दर पडत आहेत. पण ही रोजची रात्र झाली. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस आभाळ भरून राहतं. तेव्हा वारा असतो, त्यामुळे आपलं बरंचसं निभतं. खरी अडचण नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळी आणि पहाटे. ऊन नाही, वारा पडलेला, रब्बीचा हंगाम चालू. माझ्या मते अणुविजेची जागा तिथे आहे. दुपारच्या सौरविजेशी तिची स्पर्धा लावणं हीच चुकीची मांडणी आहे.

बंकरसेल

तिसरा प्रश्न माझ्याकडे. 'बॉयलर काढा, भट्टी बसवा' असं होत नाही, आणि कारण वाफेत आहे.

कोळसा संचात टर्बाइनला जाणारी वाफ अतितप्त, म्हणजे पूर्ण कोरडी असते, २१० च्या संचात साधारण ५४० अंश सेल्सिअस. जड पाण्याच्या भट्टीच्या बाष्पजनित्रातून निघणारी वाफ संपृक्त (उकळबिंदूवरचीच, थंड होताच थेंब धरणारी), २५०-२६० अंशांची, दाब ४० बारच्या आसपास. ही ओली वाफ जुन्या टर्बाइनवर सोडली तर पाण्याचे थेंब पाती खाऊन टाकतील. तिला वेगळं, मोठ्या आकाराचं टर्बाइन लागतं, उच्च दाब आणि कमी दाबाच्या भागांमध्ये ओलावा काढणारा विलगक लागतो. म्हणजे बॉयलर गेला, टर्बाइन गेलं, कोळसा हाताळणी गेली, राखेची सगळी व्यवस्था गेली. उरतं काय? स्विचयार्ड, वाहिन्यांचे मार्ग, पाण्याचा वाटा, वसाहत, आणि विद्युत व पाणी-रसायन विभागातली जाणती माणसं. हे उरलेलंही मौल्यवान आहे. नव्या ४०० केव्ही वाहिनीचा मार्ग मिळवायला किती वर्षं जातात ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण महाराष्ट्रात याच्याआधीच अडतं, लोकवस्तीवर. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या स्थळनिवडीच्या संहितेत भट्टीभोवती किमान १ किलोमीटर त्रिज्येचं वर्जित क्षेत्र लागतं. म्हणजे ३१४ हेक्टरमध्ये एकही घर नाही. त्यापुढे ५ किलोमीटरपर्यंत वस्तीच्या वाढीवर नियंत्रण, १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन. शिवाय १० किलोमीटरच्या आत दहा हजारांवर वस्तीचं गाव नको आणि ३० किलोमीटरच्या आत लाखावर वस्तीचं शहर नको, अशी अपेक्षा असते. आता नकाशा उघडा. कोराडी आणि खापरखेडा नागपूरच्या कुशीत. चंद्रपूरचं केंद्र चंद्रपूर शहराला लागून. एकलहरे म्हणजे जवळपास नाशिकच. भुसावळ, परळी, तीच गत. आपली कोळसा केंद्रं शहरांना बिलगून वाढली, त्यामुळे मोठ्या भट्टीसाठी यांतली एकही जागा सरळ बसत नाही.

छोट्या भट्ट्यांकडून आशा आहे. २२० मेगावॉटची 'भारत स्मॉल रिअॅक्टर' ही आपली जुनी सिद्ध रचना उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी द्यायचं चाललं आहे, आणि २०० मेगावॉटच्या नव्या छोट्या दाबजल (दाबाखालच्या पाण्याच्या) भट्टीचा पहिला संच तारापूरला बसवायचं ठरलं आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा छोट्या भट्ट्यांसाठी २०,००० कोटी ठेवले, २०३३ पर्यंत पाच चालू करायचं लक्ष्य आहे. पण भट्टी छोटी झाली म्हणून वर्जित क्षेत्र आपोआप आक्रसत नाही. ते नियामकाने सुरक्षा तपासून ठरवायचं असतं. ते ठरेपर्यंत कोळसा केंद्राच्या जागेवर भट्टीचे आराखडे काढणं घाईचं.

आणि एक गोष्ट जवळून दाखवावीशी वाटते. जुन्या संचांनी ७०० मेगावॉट दिवसभर द्यायचे तर ३,६०० किलोकॅलरीचा कोळसा सुमारे १२,००० टन लागतो. म्हणजे ५८-५९ वाघिणींचे तीन रेक (मालगाड्या), रोज. पाठीमागे चार हजार टनांहून जास्त राख, तीही रोज. तेवढ्याच विजेला ७०० च्या भट्टीत रोज साधारण ३०० किलो युरेनियम लागतं. ते ज्या बंडलांत असतं ते बंडल अर्धा मीटर लांब, मनगटापेक्षा जाड, ३७ नळ्यांचा जुडगा, त्यात सुमारे १९ किलो युरेनियम. दिवसाला सोळा बंडल. एका बाजूचं यंत्र नवे बंडल चॅनलमध्ये (इंधनाच्या आडव्या नळीत) ढकलतं, समोरच्या बाजूचं यंत्र जळालेले झेलतं, आणि हे सगळं भट्टी चालू असताना.

खाडीकाठ

जळालेल्या बंडलांचं पुढे काय, हेही लिहायला हवं. वर्षाला साधारण ९६ टन वापरलेलं इंधन निघतं. ते आधी काही वर्षं पाण्याच्या कुंडात थंड होतं. त्यात ९८ टक्क्यांहून जास्त युरेनियमच असतं, पाव-अर्धा टक्का प्लुटोनियम, आणि विखंडनातून आलेली तीव्र किरणोत्सारी द्रव्यं पाऊण टक्क्याच्या आत, म्हणजे ९६ टनांत सुमारे ७०० किलो. आपल्याकडे इंधनावर पुनर्प्रक्रिया होते, तारापूरलाही होते, आणि ही द्रव्यं काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद करून देखरेखीखाली ठेवतात. प्रमाण लहान आहे, पण अंतिम भूगर्भीय साठवण आज ना उद्या लागणारच. ते काम पुढच्या पिढीवर ढकलू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण कोकणातल्या माणसाचा पहिला प्रश्न काचेच्या डब्यांचा नसतो, पाण्याचा असतो. भट्टीची औष्णिक ताकद २,१६६ मेगावॉट, वीज ७००. उरलेले जवळपास १,४५० मेगावॉट पाण्यात जातात. कोळसा केंद्राची काही उष्णता चिमणीवाटे निघून जाते, इथे सगळी पाण्यात. किनारी केंद्रात समुद्राचं पाणी ७ अंशांपर्यंत तापवून सोडायची मुभा धरली तर एका संचाला सेकंदाला सुमारे ५० घनमीटर पाणी लागतं. जैतापूरचा प्रस्ताव १,७३० मेगावॉटच्या सहा संचांचा आहे. याच रीतीने तिथे सेकंदाला ६०० घनमीटरच्या आसपास जाईल. हे पाणी कोणत्या खोलीवर सोडायचं, भरती-ओहोटीला ते किनाऱ्याकडे किती परततं, प्रजननाच्या हंगामात मासळीवर काय परिणाम होतो, आत ओढणाऱ्या जाळ्यांत अंडी-पिल्लं किती सापडतात, हे मोजून मच्छीमारांसमोर उघड ठेवलं पाहिजे. जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांना 'हवामानासाठी सहन करा' म्हणणं हे उत्तर नाही. तारापूरला १९६९ पासून समुद्राचं पाणी वापरात आहे. तिथल्या तापमानाच्या नोंदी जितक्या खुल्या होतील तितकी चर्चा मोजमापावर येईल.

उलटाही धोका आहे. समुद्र स्वतःच तापतोय. आत येणारं पाणी एक अंश गरम आलं की संघनकातली निर्वात स्थिती कमी होते आणि वीज घटते. जेलीफिशच्या झुंडी जाळ्या तुंबवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलीन केंद्राचे संच याच कारणाने बंद पडले. काक्रापारच्या नव्या संचांना शीतकरण मनोरे आहेत. तिथे नदीत गरम पाणी फारसं जात नाही, पण बाष्पीभवनाने पाणी उडतं, आणि दुष्काळी खोऱ्यात तो हिशोब आधी करावा लागेल.

हिशोबवही

पैशाचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून मी काढतो. सगळं घोडं तिथेच अडतं.

काक्रापार ३ आणि ४, मिळून १,४०० मेगावॉट, खर्च २२,५०० कोटी. म्हणजे मेगावॉटला १६ कोटी. सौरचे ढोबळ साडेचार कोटी. इतकं पाहून लोक निकाल देतात. पण वर्षाच्या युनिटवर आणा. काक्रापारचे दोन संच ८५ टक्क्यांनी वर्षाला सुमारे १,०४० कोटी युनिट देतात, म्हणजे वार्षिक युनिटमागे भांडवल २१-२२ रुपये. सौरचा मेगावॉट २५ टक्क्यांनी २१.९ लाख युनिट देतो, म्हणजे साडेवीस रुपये. जवळपास सारखे! त्यात अणुसंचाचं आयुष्य मोठं आणि वीज रात्रीही. सौरला इंधन नाही, देखभाल कमी, आणि ते दीड-दोन वर्षांत उभं राहतं. अणूचा गळा आवळला जातो तो या शेवटच्या मुद्द्यावर.

समजा १०० रुपयांचं काम आहे, दरवर्षी सारखा खर्च, व्याज ९ टक्के. सहा वर्षांत संपलं तर व्याजासकट १२५ होतात. बारा वर्षं लागली तर १६८. सिमेंट तेच, पोलाद तेच, भट्टी तीच. ४३ रुपये निव्वळ उशिराचे. आणि त्या सहा जादा वर्षांत कोळसा जळत राहिला तो वेगळा. वर्षाला ५० लाख टन धरले तर एका संचामागे ३ कोटी टन.

उशीर का होतो? बहुधा पहिलटकर रचनेमुळे. फ्रान्समधल्या फ्लामान्व्हिलचा संच २००७ ला सुरू होऊन डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडला गेला. मुख्य वाफवाहिन्यांचे सदोष जोड उकरून पुन्हा करावे लागले. फिनलंडच्या ओल्किलुओटोला २००५ ते २०२३ लागली. तीच रचना चीनमध्ये ताइशानला नऊ वर्षांत चालू झाली. आपल्याकडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. काक्रापार-३ मध्ये पहिली शृंखला-अभिक्रिया जुलै २०२० ला झाली, व्यावसायिक उत्पादन ३० जून २०२३ ला. जवळपास तीन वर्षं. त्याचा जुळा भाऊ काक्रापार-४: डिसेंबर २०२३ ते ३१ मार्च २०२४, साडेतीन महिने. राजस्थानातल्या रावतभाट्याचा सातवा संच: सप्टेंबर २०२४ ते एप्रिल २०२५. पहिल्याने जे शिकवलं ते पुढच्यांना कामी आलं.

म्हणून २०१७ साली एकाच रचनेचे दहा संच एकदम मंजूर केले ते योग्यच होतं. त्यातली शिस्त मोडू नये. प्रत्येक जागी नवा देश, नवी रचना, नवा पुरवठादार असं केलं तर प्रत्येक संच पहिलटकर होईल. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट म्हटलंय आणि आज आपण ९ च्याही आत आहोत. देशाच्या विजेत अणूचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. ते लक्ष्य गाठायचं की नाही हे बाष्पजनित्रं, एंड-शील्ड (भट्टीच्या दोन्ही टोकांच्या किरणोत्सार अडवणाऱ्या जाड भिंती) आणि जड फोर्जिंग (ठोकून घडवलेले अवजड पोलादी भाग) वेळेवर येतात का, यावर ठरेल.

सह्यवारा

तक्ता दुरुस्त केला: बचत ४५ ते ५४ लाख टन, जागा कोळसा केंद्राची नाही, भट्टी सपाट चालणार, आणि बांधकामाच्या वर्षांसाठी वेगळा रकाना. एक शेवटची शंका. नवे संच येईपर्यंत दहा-बारा वर्षं जाणार असतील तर मधल्या काळात सर्वांत जास्त फायदा कशात?

जडपाणी

आहेत ते संच पडू न देण्यात.

जड पाण्याच्या भट्टीत इंधन ज्या दाबनळ्यांत असतं त्या झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातूच्या असतात. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्या वर्षानुवर्षं लांबतात, मध्ये झोळ येतो, धातूत हायड्रोजन मुरून ठिसूळपणा येतो. साधारण तीस वर्षांनी सगळ्या नळ्या एकदम बदलाव्या लागतात. आपल्याकडे हे काम नरोरा, काक्रापार, कल्पाक्कम, रावतभाटा इथल्या २२० च्या संचांवर झालेलं आहे. तिथे ३०६ चॅनल असतात. ५४० च्या संचांवर ते अजून करायचं आहे, तिथे ३९२ चॅनल आहेत आणि नळीचा व्यासही तोच नाही असं समजून नवी अवजारं आधी तालमीच्या सांगाड्यावर चालवून पाहावी लागतील.

महाराष्ट्रातले तारापूर ३ आणि ४ हे ५४० चे संच २००५-०६ मध्ये सुरू झाले. म्हणजे २०३५ च्या सुमाराला त्यांची पाळी. दोन्ही मिळून वर्षाला ग्रिडला सुमारे ७२ लाख मेगावॉट-तास देतात. ते बंद असले की ती वीज कोळशातून येणार, म्हणजे वर्षाला ७० ते ८० लाख टन जादा. तारापूरचे जुने १ आणि २ २०२० पासून नूतनीकरणासाठी बंद ठेवले गेले आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. तसंच ३ आणि ४ चं झालं तर नव्या संचाने वाचवलेलं सगळं तिथे वाहून जाईल. ऑन्टारिओत डार्लिंग्टनला २०१६ मध्ये नळ्या बदलायला सुरुवात करण्याआधी भट्टीच्या तोंडाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून माणसं तयार केली, आणि एकामागून एक संच घेतला. आपल्याला नळ्यांची मागणी हैदराबादच्या अणुइंधन संकुलाकडे किती आधी नोंदवायची, आणि दोन संच एकाच वेळी बंद पडणार नाहीत असा क्रम कसा लावायचा, हे आत्ताच ठरवायला हवं. नऊ-दहा वर्षं लांब वाटतात, पण ३९२ चॅनलच्या हिशोबाने ती फार नाहीत.